घशातला काफ

सोलापूरच्या नई जिंदगी वस्तीतल्या आतल्या गल्लीत, पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर दस्तगीर हाफिजांचा मदरसा भरतो. कुरआन तोंडपाठ करणाऱ्या मुलांचा मदरसा म्हटलं की खाली घातलेल्या माना, पुढेमागे डुलणारी अंगं आणि ओठातल्या ओठात चाललेली पुटपुट डोळ्यांसमोर येते. इथं तसलं काही दिसायचं नाही. इथं मान खाली गेली की ओरडा बसायचा.

"मुंडी उप्पर! मूं खोल के! उजाले की तरफ देख के पढ़!"

हाफिजसाब खिडकीकडे पाठ करून बसत, म्हणजे समोरच्या मुलाच्या चेहऱ्यावर सगळा उजेड पडे. मुलगा येऊन सबक, म्हणजे त्या दिवसाचा नवा पाठ, म्हणून दाखवी. हाफिजसाबांच्या पुढ्यातल्या तिपाईवर मागाचा एक जुना धोटा असे. लाकडी, हाताळून गुळगुळीत झालेला, दोन्ही टोकांना लोखंडी नाकं. मुलगा चुकला की धोटा तिपाईवर आपटायचा. ठक्. कुठं चुकलं, काय चुकलं, काही सांगायचं नाही. मुलानं मागं जायचं आणि हरवलेला शब्द स्वतःच शोधून आणायचा. पुन्हा चुकला तर पुन्हा ठक्.

कुरआनच्या तीस भागांतल्या पहिल्या पाऱ्यात दोन आयती जुळ्या बहिणींसारख्या आहेत. पहिलीत आधी शिफारस येते, मग मोबदला. दुसरीत आधी मोबदला, मग शिफारस. तिथं भल्याभल्यांची गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर जाते, आणि माणूस न कळत भलत्याच पानावर जाऊन पोचतो. तिथं तर धोटा सारखा वाजायचा.

अगदीच अडकला, तर मग लुकमा. लुकमा म्हणजे घास. नमाज पढवताना इमाम अडखळला तर मागे उभा असलेला जाणकार पुढचा शब्द सांगतो, त्याला लुकमा देणं म्हणतात. अडकलेल्याच्या तोंडी शब्दाचा घास भरवायचा. हाफिजसाबांचा लुकमा मात्र जगावेगळा होता. ते आवाज काढत नसत. नुसते ओठ हलवत. मुलगा त्यांच्या ओठांकडे बघे आणि शब्द उचले. गल्लीतले लोक कौतुकानं म्हणत, "हाफिजसाब का तरीकाच अलग है."

तरीका कुठला, ती कारखान्यातली सवय होती. दस्तगीर नदाफ पोरवयातच सगळं कुरआन पाठ करून हाफिज झाले. लगेच वडील गेले, आणि मिसरूड फुटायच्या आत ते अक्कलकोट रोडवरच्या एका टॉवेलच्या कारखान्यात मागावर उभे राहिले. शेडमध्ये ओळीनं माग खडखडत असत. तिथं बोललेलं बोलणाऱ्याला स्वतःलाही ऐकू यायचं नाही. बाकीचे कामगार कंटाळायचे, पण दस्तगीरला तो खडखडाट सोयीचा वाटे. दोन मागांच्या मध्ये उभं राहून मोठ्यानं कुरआन म्हटलं तरी कुणाला त्रास नाही. त्यामुळं पाठ कधी सुटला नाही. आणि बाकी बोलणं चालायचं ओठांवर. कांडी संपली, माग अडलाय, जॉबरला बोलव, डब्यात काय आणलंय, मालक आला, सगळं ओठांवर. शेजारच्या मागावरचा सिद्राम तर आवाज न काढता विनोद सांगायचा, आणि दस्तगीर हसून हसून धागा तोडायचा.

कारखाना बंद पडला तेव्हा मोहल्ल्यानं त्यांना बोलावून मदरशात बसवलं. जाताना त्यांनी एक धोटा आठवण म्हणून उचलून आणला. सिद्राम दोन गल्ल्या पलीकडे राहतो. आजही दोघं रस्त्याच्या दोन बाजूंना उभं राहून मधून रिक्षा, टमटम जात असताना निवांत गप्पा मारतात. बघणाऱ्याला वाटतं दोन म्हातारे वेडावून दाखवतायत.

हाफिजसाबांच्या काही तक्रारी होत्या. हल्लीची माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात. मोबाईलवर काही नीट येत नाही, म्हणून त्यांनी मोबाईल ठेवणंच सोडलं. "कुछ बोलना है तो सामने आ के बोलो." बायको जुलेखाबी स्वयंपाकघरातून बोलते आणि वर पुन्हा रागावते. आणि खालची गिरणी. ती मेली दिवसभर भुणभुणते. गिरणीवाल्या अनिलकुमारला त्यांनी दोन-तीनदा सांगूनही पाहिलं होतं, की बाबा, पट्टा तरी बदल.

आणि एक मोठा आनंद होता. उजैर. रज्जाक बागवानाचा थोरला. त्याचे तीसही पारे पुरे झाले होते. सुरुवातीच्या काळात हाफिजसाबांच्या हातून काही मुलं हाफिज झाली होती, पण मध्ये बरीच वर्षं कुणी पूर्ण केलं नव्हतं. आता उजैर. येत्या रविवारी गुलबर्ग्याहून कारीसाहेब, म्हणजे कुरआनच्या उच्चारांचे जाणकार, इम्तिहान घ्यायला येणार होते. पास झाला की त्याच मांडवात त्याच्या डोक्याला हाफिजाचा साफा बांधायचा. फळांच्या गाड्यावर उभा राहून रज्जाकनं निम्म्या सोलापूरला आवतण दिलं होतं.

त्याच आठवड्यात हाफिजसाबांचा चष्मा फुटला.

फुटला म्हणजे, नमाजाआधी वुजूला हातपाय धुताना त्यांनी तो कट्ट्यावर ठेवला आणि स्वतःच त्याच्यावर पाण्याची बादली टेकवली. बाटलीच्या बुडासारख्या जाड काचांचा चुरा झाला. लहानपणापासून नजर अशी, की हातभर अंतरावरचा चेहराही चष्म्याशिवाय धुक्यात जायचा. चष्म्याचा दुकानदार वाकून, तोंड अगदी जवळ आणून म्हणाला, एवढ्या नंबरची काच उद्या येईल.

"येऊ दे," हाफिजसाब हसले. "कुरआन आत आहे. त्याला चष्मा कशाला?"

आणि रोजच्या जागी येऊन बसले. पहिला उजैर आला. म्हणजे एक पांढरी टोपी आली, खाली चेहऱ्याच्या जागी उजेडाचा एक डाग. "चल, बिस्मिल्ला कर," हाफिजसाब म्हणाले आणि वाट बघत बसले.

काहीच आलं नाही. खालून गिरणीची भुणभुण तेवढी येत होती.

"अरे, पढ़ की."

भुणभुण.

"मूं में सुपारी है क्या रे? खुल के पढ़!"

पांढरी टोपी हलली. भुणभुण थोडी वाढली. हाफिजसाबांना वाटलं, पोरगा इम्तिहानाच्या धास्तीनं गप्प झालाय. त्यांनी दुसऱ्याला बोलावलं, मग तिसऱ्याला. टोप्या आल्या, बसल्या, उठल्या. एकानंही तोंड उघडलं नाही. आता मात्र त्यांचं डोकं फिरलं. चष्मा नाही म्हणून पोरं थट्टा करतायत? त्यांनी धोटा उचलून तिपाईवर दणादण आपटला.

"सबने मिल के मस्ती लगाए क्या? पढ़ते काय कू नै? और वो गिरणी बंद करने कू बोलो पहले! जा रे उजैर, अनिलकुमार कू बोल, हाफिजसाब बोले, घडीभर बंद कर!"

कुणी हललं नाही. मग कुणीतरी अगदी जवळ आलं. कानाला गरम श्वास लागला, आणि उजैर त्यांच्या कानात जीव खाऊन ओरडला,

"हाफिजसाब! गिरणी बंदच है! सुबह से लाइट नै!"

हाफिजसाबांचा हात धोट्यासकट वर तसाच राहिला.

"फिर ये आवाज किसकी?"

उजैर पुन्हा कानाशी आला.

"हमारी, हाफिजसाब."

खोलीतली भुणभुण थांबली होती. मुलं गप्प झाली होती म्हणून थांबली होती. किती तरी महिने ते ज्या आवाजाला गिरणी समजून वैतागत आले, तो त्यांच्या मुलांचा आवाज होता. मुलं कुरआन म्हणत होती.

ते उठले, भिंत चाचपत जिना उतरले आणि चपला न घालताच गल्लीत आले. गिरणीच्या जोत्याला हात लावून पाहिला. दगड गार, थरथर नाही. अनिलकुमार दारात बसला असावा. तो काहीतरी बोलला असावा.

सिद्राम घरीच होता. त्यानं हाताला धरून त्यांना खाटेवर बसवलं, आणि ते आपल्या तोंडाकडे बघून डोळे बारीक करतायत हे पाहून स्वतःचा चेहरा इतका जवळ आणला की नाकाला नाक लागेल.

"चष्मा कुठाय बे?"

"फुटला. सिद्राम, मला ऐकू येत नाही."

"आं?"

"पोरं ओरडत होती. मला ऐकू येत नाही रे!"

सिद्राम मागं सरला, पुन्हा पुढं आला. त्याच्या तोंडाला शेंगाचटणीचा वास येत होता.

"ते तुला आज कळलं व्हय?"

हाफिजसाबांनी त्याचं मनगट घट्ट धरलं.

"आरं, आपल्या पाळीतला एकबी माणूस ऐकत न्हाय. माग काय फुकटात चालवला का? मी बहिरा, तो कोपऱ्यातला महिपती बहिरा. म्हणून तर बायकांची बोलणी खाऊन बी आपण खूश की." त्यानं खिशातून शेंगदाण्याएवढं एक यंत्र काढून डोळ्यांसमोर धरलं. "हे बघ माझं मशीन. सून म्हणाली घाल, घालतो. बायको चालू झाली की काढतो."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं तुला ठावं हाय. सगळ्यास्नी ठावं हाय की."

सगळ्यांना. जुलेखाबीला विचारलं तर ती पदरानं तोंड पुसत, त्यांच्या डोळ्यांजवळ येऊन म्हणाली, "मैं क्या बोलती? तुम्ही म्हणायचे लोक पुटपुटतात. म्हटलं, असंच मानून खूश आहेत तर राहू दे." इतकी वर्षं ती स्वयंपाकघरातून ओरडून, थकून, शेवटी दारात येऊन उभी राहायची, ते हाफिजसाबांना रुसवा वाटायचा.

दुसऱ्या दिवशी नवा चष्मा आला. त्यांनी तो डोळ्यांवर चढवला, आणि काय सांगावं, जुलेखाबीचा आवाज परत आला. गल्लीतले आवाज आले. मदरशात मुलं समोर बसली, आणि आयती एकामागून एक स्पष्ट येऊ लागल्या. एकानं जुळ्या बहिणींपाशी गाडी बदलली, आणि हाफिजसाबांचा धोटा बरोबर जागी वाजला. ठक्. मुलं एकमेकांकडे बघून हसली. क्षणभर त्यांना वाटलं, कालचं ते सगळं चष्म्याबरोबर फुटून गेलं. आता कुणाला काही सांगायची गरज नाही. चालतंय ते चालू द्यावं.

पण सिद्राम ऐकेना. त्यानं त्यांना रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. कान तपासणाऱ्या शुभदा मॅडम वयानं त्यांच्या मुलीएवढ्या. त्यांनी हाफिजसाबांना एका काचेच्या खोलीत बसवलं, कानावर जाड गोळे चढवले आणि सांगितलं, आवाज आला की बटण दाबा. हाफिजसाब बटणावर अंगठा ठेवून बसले. बराच वेळ बसले. शेवटी त्यांनी काचेबाहेर बघून विचारलं, "सुरू कधी करणार?"

मॅडमनी दार उघडलं. "चाचा, तपासणी संपली."

त्यांनी एक आलेख पुढं ठेवला. डावीकडून रेघ सरळ निघत होती आणि मध्येच कड्यावरून खाली पडावी तशी कोसळली होती.

"हे जाड आवाज. मोटार, ढोल, दार आपटणं. हे थोडे पोचतात. आणि हे बारीक. स, श, ह, क, ख. इथं काहीच नाही. मागावर काम केलेल्यांचं असंच असतं. मला आश्चर्य वाटतंय ते तुम्ही माझ्याशी इतकं नीट बोलताय याचं." त्या थांबल्या. मग वहीचा पुठ्ठा उचलून तोंडासमोर धरला. हाफिजसाबांना पुठ्ठा दिसला. पुठ्ठा खाली आला तेव्हा मॅडम विचारत होत्या, "काय म्हणाले मी?"

"काही नाही म्हणालात."

"तुमचं नाव विचारलं, चाचा. तीनदा. तुम्ही डोळ्यांनी ऐकता. जे ओठांवर दिसतं तेवढं तुम्हाला कळतं. जे तोंडाच्या आत होतं, जिभेच्या मागं, घशात, ते ओठांवर दिसत नाही. ते तुमच्यापर्यंत पोचतच नाही."

घशात, हा शब्द हाफिजसाबांच्या मनात कुठंतरी अडकला, पण त्यांनी तो तेवढ्यापुरता तसाच राहू दिला. मॅडमनी त्यांच्या कानाच्या मापानं एक यंत्र जुळवलं आणि काही दिवस वापरून बघायला दिलं.

ते त्यांनी शनिवारी मदरशात, मुलांसमोर बसल्यावर कानात घातलं. आणि दचकून मागं सरले. पंख्याला करकर होती. मुलांच्या बोटांखाली पानं सळसळत होती. कबुतर खिडकीत एवढा दंगा करतं? कुणीतरी नाक ओढलं तर ते थेट कानात शिरलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते हसू लागले. मुलंही हसू लागली. त्या हसण्याचे किती तरी वेगवेगळे आवाज होते.

"उजैर, इधर आ. आज मेरेकू तेरा आवाज सुनना है. एकोणिसावा पारा. सूरे शुअरा. इब्राहीम अलैहिस्सलामची दुआ."

उजैर बसला. मान वर, उजेडाकडे तोंड. गोड आवाज होता पोराचा. असा असेल हे हाफिजसाबांना ठाऊकच नव्हतं. तो त्या आयतींपाशी आला, ज्या म्हणताना हाफिजसाबांचा स्वतःचा गळा भरून येई. ज्या दिवशी धन कामी येणार नाही, लेकरं कामी येणार नाहीत. तरेल तो, जो अल्लाहसमोर निर्मळ काळीज घेऊन येईल. 'बिकल्बिन सलीम.'

हाफिजसाबांचं हसू तोंडावरच वाळलं.

आपण मराठीत लिहिताना दोन्हीला एकच 'क' काढतो, पण अरबीत काफ दोन आहेत. एक मोठा काफ, तो घशाच्या मुळाशी, पडजिभेपाशी फुटतो. दुसरा छोटा, आपला साधाच. मोठ्या काफनं कल्ब म्हटलं तर काळीज. छोट्या काफनं म्हटलं तर कुत्रा. उजैरनं छोटा काफ म्हटला होता. शांतपणे, गोड आवाजात, एखाद्या पाठ झालेल्या गोष्टीसारखा.

धोटा उचलायला हात गेलाच नाही. "फिर बोल," ते म्हणाले.

'बिकल्बिन सलीम.' तोच छोटा काफ.

यंत्र बिघडलंय, हाफिजसाबांनी स्वतःला सांगितलं. नवं आहे, आवाज बदलत असेल. त्यांनी डोळे मिटले आणि ती आयत स्वतः मोठ्यानं म्हटली. त्यांच्या स्वतःच्या घशातून, लहानपणी त्यांच्या उस्तादांनी घोटून घेतलेला मोठा काफ निघाला, आणि तो यंत्रातून जसाच्या तसा कानात आला. यंत्र चांगलं होतं.

त्यांनी दुसऱ्या मुलाला म्हणायला लावलं. मग त्याच्या शेजारच्याला. मग प्रत्येकाला. छोटा काफ. छोटा काफ. अल्हम्द या शब्दातलं 'मोठी हे' नावाचं अक्षर, जे घशातून घासून निघतं, ते प्रत्येकाच्या तोंडी घरातल्या साध्या ह सारखं. शब्द एक इकडचा तिकडे नाही. क्रम पक्का, आयत पक्की, पान पक्कं. जे जे ओठांवर दिसतं ते सगळं बिनचूक होतं. आणि घशातलं सगळं, एकूण एक अक्षर, सपाट झालं होतं. त्यांनी वर्षानुवर्षं लुकमे दिले होते ते नुसत्या ओठांचे. मुलांनी ओठ उचलले होते. घसा त्यांनी कधी ऐकवलाच नव्हता, आणि मुलांचा त्यांनी कधी ऐकलाच नव्हता.

"हाफिजसाब?" उजैर घाबरला होता. "गलत हुआ क्या?"

"तुमकू मालूम था? मेरेकू सुनाई नै देता करके?"

मुलांनी माना खाली घातल्या. या खोलीत पहिल्यांदाच कुणी त्यांना वर करा म्हटलं नाही.

"हौ," उजैर म्हणाला. "सबकू मालूम. इसलिए तो हम मूं बड़ा खोलते. नवीन पोरगा आला की आम्ही त्याला पहिलं हेच शिकवतो, हाफिजसाब के सामने चेहरा छुपाना नै."

"आणि मला कुणी सांगितलं नाही?"

"उस्ताद कू कैसा बोलना?"

हाफिजसाब म्हणाले, "इमाम चुकला तर मागच्या रांगेतलं पोरसुद्धा लुकमा देतं रे. देणं त्याच्यावर फर्ज असल्यासारखं देतं. मला एकानंही दिला नाही."

रविवारी मांडव घातला. भटारखान्यात देगी चढल्या. गुलबर्ग्याचे कारीसाहेब पांढरी दाढी सावरत गादीवर बसले. उजैर नवा सदरा घालून, घामेजलेले तळवे मांडीला पुसत समोर. साफ्याचं हिरवं कापड ताटात घडी घालून ठेवलेलं. रज्जाक बागवान पाहुण्यांना खजूर वाटत फिरत होता. हाफिजसाब उठले. त्यांनी मांडवाचा खांब धरला.

"कारीसाहेब, इम्तिहान आधी माझा घ्या," ते म्हणाले. "मी या मुलांचं कधी ऐकलंच नाही. मी बहिरा आहे. मुलाचा दोष नाही. त्याचा काफ मी बिघडवलाय. याला आज साफा बांधू नका."

यंत्रातून त्यांना देगींखालच्या लाकडांची तडतड ऐकू आली. मग रज्जाकच्या हातातलं खजुराचं ताट खाली पडलं.

"क्या बोलते तुमे?" तो पुढं आला. "सारा मोहल्ला बोलावून बसलोय मी! आजच सुचलं तुम्हाला? माझ्या पोराची इतकी वर्षं..." त्यानं उजैरच्या दंडाला धरलं. "चल. उठ. घरी चल."

कारीसाहेबांनी हात वर केला. त्यांनी उजैरला ती एकच आयत म्हणायला सांगितली. त्यानं म्हटली. कारीसाहेबांनी डोळे मिटून घेतले. मग हाफिजसाबांना तीच म्हणायला सांगितली. त्यांनी म्हटली. कारीसाहेबांनी डोळे उघडले.

"उस्ताद का गला सही है," ते म्हणाले. "बच्चे का याद सही है. बीच में जो रस्ता था, वो टूट गया. मैंने उम्र भर इम्तिहान लिए, लेकिन कोई उस्ताद खुद उठ के ऐसा बोले, ये मैंने नहीं देखा." साफ्याच्या ताटावर त्यांनी रुमाल झाकला. पढवणं दस्तगीर हाफिजांनी करावं, ऐकायला गुलबर्ग्याहून एक तरुण हाफिज येऊन राहील, असं त्यांनी ठरवून दिलं. लोक जेवले. पण कुणी कुणाशी बोललं नाही. रज्जाक बागवान पोराला घेऊन कधीच गेला होता.

त्यानंतर मदरशाची बैठक उलटी झाली. आता हाफिजसाब उजेडाकडे तोंड करून बसतात आणि तेच म्हणतात, मोठ्यानं. मुलं ऐकतात. ज्याला काफ पकडता येत नाही, त्याचा हात हाफिजसाब स्वतःच्या गळ्यावर ठेवतात. "हितं बघ. इथून उठतो." लहानग्या बोटांखाली म्हाताऱ्याचा घसा हलतो, आणि मूल आपल्या घशात तीच जागा शोधत बसतं. गुलबर्ग्याचा पोरगा शेजारी बसून ऐकतो आणि मान हलवतो. कधी होकारार्थी, बहुतेकदा नकारार्थी. खिडकीखालून जाताना सिद्राम ओरडतो, "दस्त्या, आता तरी जरा हळू! मशीन काढलं तरी ऐकू येतंय की!"

उजैर मात्र आला नाही. त्याची जागा रिकामी राहिली. हाफिजसाब रोज त्या जागेकडे बघत आणि पुढं म्हणू लागत.

एका सकाळी ते पहिल्या पाऱ्यात होते. दारात चपला निघाल्याचा आवाज आला. आवाज आला, हे त्यांना मागाहून लक्षात आलं. उजैर होता. गाड्यावरची केळी उतरवून आल्यामुळं बाह्या मळलेल्या. त्यानं सलाम केला नाही, काही बोलला नाही, आपल्या जागेवर येऊन बसला. हाफिजसाबांचा सूर हलला. पण थांबायचं नाही म्हणून ते पुढं गेले. जुळ्या आयतींतल्या पहिलीपाशी आले, तिच्यात शिरले.

ठक्.

खोली दचकली. उजैरच्या हातात धोटा होता. कधी उचलला कुणालाच कळलं नव्हतं. बाकीची मुलं त्याच्याकडे डोळे फाडून बघत होती. उस्तादांवर धोटा? गुलबर्ग्याचा पोरगा अर्धवट उठला. खुद्द उजैरचा चेहरा पांढरा पडला होता, पण धोटा त्यानं खाली ठेवला नाही.

हाफिजसाबांनी आयतीत मागं जाऊन पाहिलं. काय चुकलं? पुन्हा म्हटलं, आणि पुन्हा तेच झालं.

ठक्.

ते अडकले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, आपल्याच मदरशात, आपल्याच जागेवर. सवयीनं त्यांची नजर उजैरच्या ओठांकडे गेली. ओठ हलत होते. उजैर लुकमा देत होता, त्यांनीच शिकवला तसा, आवाज न काढता.

हाफिजसाबांनी चष्मा काढून तिपाईवर ठेवला. समोर पुन्हा पांढरी टोपी आणि उजेडाचा एक डाग.

"ऐसा नै," ते म्हणाले. "आवाज से दे."

उजैरनं घसा साफ केला आणि शब्द दिला. इथं आधी शिफारस होती. हाफिजसाबांनी मोबदला आधी घेतला होता.